दुसरं सूत्र

मापुतोत त्या रात्री पाऊस नव्हता.
डेस्कवर मी, गार झालेली कॉफी,
आणि फोनवर झुल्मिरा सिमांगो,
बुझीच्या एका शाळेच्या पत्र्यावरून.
तिच्यासकट एकशे चाळीस माणसं वर,
आणि कुणाच्या तरी तीन शेळ्या.

बॅटरी चौदा टक्के आहे, ती म्हणाली. लिहून घे.

लिहून घेतलं.
नदी: बाजाराच्या कमानीपर्यंत.
वारा: उतरलाय.
'होत्याचं नव्हतं झालं' असं काहीतरी ती म्हणाली,
ते गाळलं. असली वाक्यं
कुठल्याही पुराला बसतात.
मृत: अकरा.
कोण म्हणतं?
आरोग्य केंद्रातला परिचारक, आणि प्रशासकांचा कारकून.
दोघं. ठीक.
अकराआधी मी 'किमान' जोडलं.
आमच्या धंद्यातला हा नम्र शब्द,
त्याच्या पाठीमागे
कितीही माणसं उभी राहू शकतात.

मग ती म्हणाली, बारा.

बारावा कोण?
साखर कारखान्यामागे, आंब्याच्या फांदीत अडकलाय.
निळा सदरा. वय चौतीस.
पाहिलं कुणी?
मी. होडीतून इकडे येताना.
आणखी कुणी?
बराच वेळ फोनमधून नुसती शेळी ओरडत होती.
एकच सूत्र झालं, मी म्हणालो. दुसरं हवं.
बघते, म्हणाली. आणि फोन ठेवला.

हा नियम तिला मीच शिकवला होता,
बैराच्या कार्यशाळेत, पंख्याखाली, खडूने.
फळ्यावर लिहिलं होतं: तटस्थ.
म्हणजे तटावर उभा राहिलेला, असं समजावून सांगताना
मी स्वतःवरच खूश होतो.
तट किती लांब असावा, असं मागच्या बाकावरून तिने विचारलं होतं.
मी हसलो होतो बहुतेक.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं.
तिने होडीवाल्याला उठवलं.
झेफानियास मुतिसे नावाच्या म्हाताऱ्या मच्छीमाराला बरोबर घेतलं.
आंब्याखाली त्याने टॉर्च मारला, आणि लगेच खाली केला.
पोरी, हा तर आपला आबिलियो.
पूर्ण नाव सांगा, काका.
अगं, तुझा भाऊ आहे हा.
पूर्ण नाव. आणि तुमचंही. वय?
वही भिजलेली, म्हणून पेन्सिलीने लिहीत होती.
होडीवाला म्हणतो, तिचा हात कापत नव्हता.
होडीवाला असंही म्हणतो, की परत येताना
ती सगळा वेळ होडीतलं पाणी उपसत होती,
आणि होडीत पाणी नव्हतं.

पहाटे चार दहाला मेसेज आला:
बारा. दुजोरा मिळाला. झे. मुतिसे, मच्छीमार, ६८.
मी आकडा बदलला. अकराचे बारा,
दोन कळा दाबायचं काम.
सहाच्या बातम्यांत गेला.
छान काम, असं मी तिला लिहिलं.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तीन दिवसांनी नावांची यादी आली,
तिसऱ्या ओळीत सिमांगो, आबिलियो, शिक्षक.
तो आकडा तेव्हा रुतला.

फोन लावला. लागला, म्हणजे वीज आली होती.
बोलायला माझ्याकडे एकही धड वाक्य नव्हतं;
आयुष्यभर इतरांची वाक्यं कापण्यात गेलं.
तीच म्हणाली, 'किमान' ठेवलंयस ना?
ठेवलंय.
ठेव. वरच्या वस्तीत अजून कुणी पोहोचलेलं नाही.

विचारायचं होतं वेगळंच.
तोंडातून आलं, त्या तीन शेळ्यांचं काय झालं गं?
दोन, ती म्हणाली. दोनच होत्या.
अंधारात माझं मोजायचं चुकलं.
दुरुस्ती द्यायला हवी.
अगं, मी म्हणालो,
शेळ्या आपण छापल्याच नव्हत्या.

तेव्हा कुठे तिचा आवाज फुटला.